घटपर्णीचे प्रस्थापन

गेली तीसएक वर्षे मी पुस्तकांची परीक्षणे लिहितो आहे. परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यातली एक संपादक ठेवतात आणि दुसरी माझ्याकडे येते, म्हणजे दोन्ही प्रती न वाचलेल्या राहण्याची चोख व्यवस्था होते. ह्या काळात मी कितीतरी कवितासंग्रह चुकीचे वाचले असतील. पण त्यापायी एकही कवी वाळला नाही, की कुणाची पाने गळली नाहीत. उलट ज्यांचा मी अगदी उफराटा अर्थ लावला, त्यांनीच 'आपण नेमके मर्म पकडलेत' अशी पत्रे पाठवली. समीक्षेच्या धंद्याचे हे एक बरे असते. चूक झाली तरी कुणाच्या अंगाला लागत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र माझ्या हाती असा एक मजकूर पडला, की तो चुकीचा वाचला तर घरात एक जीव जाणार होता. गुलाबी कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, चार घड्या घातलेला आणि एका खोक्यात वर्तमानपत्राच्या बोळ्यांखाली दडवलेला. शीर्षक : 'आपल्या घटपर्णीचे स्वागत असो!' लेखकाचे नाव नाही, किंमत नाही, अर्पणपत्रिका नाही. प्रस्तावना फक्त चार ओळींची. इथवर कलाकृती निर्दोष होती.

खोके मीच मागवले होते. शाळेत असताना कीटकभक्षक वनस्पतींच्या धड्यात घटपर्णीचे चित्र होते. ते मी मोठ्या मेहनतीने वहीत उतरवले आणि मास्तरांनी त्याखाली 'तांब्या बरा जमला आहे' असा शेरा दिला. तो शेरा पन्नास वर्षे सलत होता. साठी उलटल्यावर माणूस असल्या जुन्या उधाऱ्या फेडायला निघतो. तेव्हा एका लांबच्या रोपवाटिकेला पैसे पाठवले. (रोपवाटिकेचे नाव सांगत नाही, कारण पुढे मी तिच्या गद्यावर टीका करणार आहे.) चार दिवसांनी कुरिअरवाला खोके घेऊन दारात उभा राहिला. खोक्यावर 'ही बाजू वर' असा ठसठशीत बाण होता आणि तो फरशीकडे रोखलेला होता.

आत झाड होते. पाच घटांपैकी तिघांनी मान टाकलेली, चौथा चेपलेला आणि पाचवा ताठ, पण रिकामा. पाने मात्र हिरवीगार. मुळांना ओलसर, पिवळट जावळासारखे काहीतरी गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधले होते. आई चष्मा सावरत जवळ आली. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही तिला देवरुखहून पुण्याला, आमच्या चौथ्या मजल्यावर, आणले.

"हा पाहुणा आहे की पेशंट रे?" तिने विचारले.

ह्याचे उत्तर गुलाबी कागदात होते. पण मुळांवरच्या ओलाव्याने कागदाची एक घडी विरघळली होती आणि नेमकी तिसऱ्या सूचनेवर काळाने झडप घातली होती. उरलेला पाठ असा : 'कुंडीत लावण्यापूर्वी मुळांभोवतीचे शेवाळ काढू न'. पुढे शाईचा डाग.

आता वाचकहो, मराठी भाषेचे सौष्ठव पाहा. 'काढू न'च्या पुढे 'ये' आले तर झाड जगते आणि 'न' मागे चिकटून 'काढून टाकावे' झाले तर झाड जाते. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांनी सारी हयात जुन्या पोथ्यांच्या पाठभेदांत घालवली आहे. त्यांना मुद्दाम खाली बोलावले. त्यांनी भिंग लावून डाग तपासला आणि निर्णय दिला, "लेखकाच्या शैलीचा कल बघा. आधीच्या दोन्ही सूचना होकारार्थी आहेत. तिसरी एकदम नकारार्थी कशी येईल? 'काढून टाकावे' हाच मूळ पाठ." सौ.चे मतही तेच पडले, पण वेगळ्या कारणासाठी. आमच्या घरात शेवाळ हा शब्द फक्त न्हाणीघराच्या संदर्भात आणि घासायचा ब्रश हातात घेऊनच उच्चारला जातो.

मी प्लॅस्टिक सोडले. मुळे काळी, केसासारखी बारीक आणि त्या जावळात पार गुंतलेली. ब्रश घेऊन सौ. तयार होती. तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, पोफळीचं रोप हलवताना तुझ्या वडलांनी मुळाची माती झटकलेली कधी पाहिलीस का? गोळ्यासकट उचलायचं आणि गोळ्यासकट लावायचं. 'काढू नये' असंच असणार ते. कागद फाटला म्हणून अक्कल फाटते का?"

दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेला फोन केला. 'काढू नये'च होते. ह्या झाडाची मुळे बारीक आणि ठिसूळ असतात. ती तुटली तर झाड महिनोन्‌महिने मागे पडते. ते 'शेवाळ' म्हणजे स्फॅग्नम मॉस. आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते म्हणून रोपे पाठवताना वापरतात, आणि कुंडीतही तेच घालतात. पोथ्यांत मुरलेल्या विद्वानाचा पाठ एका सातवी पास बाईने खोडून काढला, ही बातमी मी प्राध्यापकांना अजून कळवलेली नाही. शेजारधर्म म्हणून काही असतो.

ह्या कागदाचा दुसरा दोष भाषेचा. मजकूर उघडच इंग्रजीवरून उतरवलेला आहे. 'रोप प्रस्थापित होईपर्यंत काळजी घ्यावी' असे त्यात तीनदा येते. प्रस्थापित! आमच्या तरुणपणी ह्या शब्दाविरुद्ध बंड करून लोक कवी झाले. तेव्हा 'प्रस्थापित' ही शिवी होती. चार दिवस कुरिअरच्या टेम्पोत आडवे पडून आलेल्या, मान टाकलेल्या झाडाला हा शब्द लावणे मला क्रूरपणाचे वाटले. पुढे 'माध्यम काळजीपूर्वक निवडावे' असेही आहे. आमच्या पिढीला माध्यम म्हटले की मराठी की इंग्रजी एवढेच सुचते. घटपर्णीचे माध्यम म्हणजे तिच्या कुंडीत मातीऐवजी भरायचे पदार्थ. मॉस, धुतलेला काथ्याचा भुसा, पर्लाइटचे पांढरे खडे, सालीचे तुकडे असे कोणतेही भुसभुशीत आणि निकस मिश्रण चालते. खत बिलकूल नाही. शेजारच्या काकांनी प्रेमाने आणून दिलेले गांडूळखत मी त्यांच्याच तुळशीला नेऊन घातले.

'पाणी फक्त शुद्ध घालावे.' किती निरागस वाक्य! पण आमच्या घरात 'शुद्ध' ह्या शब्दाचे तीन संप्रदाय आहेत. आईच्या मते शुद्ध म्हणजे देवघरातल्या गडूतले गंगाजल. सौ.च्या मते उकळून गाळलेले. माझ्या मते सकाळच्या नळाचे. झाडाचा संप्रदाय चौथा निघाला. त्याला जंतूंशी काही देणेघेणे नाही, त्याला क्षार सोसत नाहीत. पावसाने धुऊन धुऊन निकस झालेल्या जमिनीत ते वाढते, म्हणून तर बिचाऱ्याला किडे धरून पोट भरावे लागते. पाणी उकळले की जंतू मरतात, क्षार मरत नाहीत. कँडलच्या फिल्टरलाही ते दाद देत नाहीत. क्षार मोजायची पेनाएवढी कांडी मिळते. जाणकार म्हणतात की आकडा ५०च्या आत असावा. आमच्या नळाने ४१० दाखवला, कारण उन्हाळ्यात सोसायटी बोअरचे पाणी मिसळते. मला मॅट्रिकला एवढे गुण नव्हते. शेवटी समोरच्या बिऱ्हाडातून आर.ओ.चे पाणी तांब्या तांब्या मागून आणले आणि जूनपासून पावसाचे धरले. लेखकाने 'शुद्ध'च्या जागी 'पावसाचे' एवढा एक शब्द टाकला असता तर आमच्या घरातली एक धर्मचर्चा टळली असती.

उलट ज्या परिच्छेदाला मी पहिल्या वाचनात सर्वांत जास्त हसलो, तोच सर्वांत खरा ठरला. तो असा : 'हवा दमट असावी, तथापि खेळती असावी. उजेड भरपूर असावा, तथापि कडक ऊन नसावे. माध्यम ओले असावे, तथापि पाणी साचू नये.' मी समासात 'लेखकाला नक्की काय म्हणायचे आहे?' असे लिहूनसुद्धा टाकले. पण ह्या झाडाचे जगणेच मुळी त्या 'तथापि'वर चालते. पुण्याच्या एप्रिलमध्ये ओला पंचा दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत कडकडीत होतो. तिथे दमट हवा आणायची कुठून? सौ.ने कपाटातून साडीची पारदर्शक पिशवी काढून दिली. स्वेटरच्या चार सुया कुंडीत खोचून मी ती वर चढवली आणि कुंडी पूर्वेच्या खिडकीपासून जरा आत ठेवली.

ही युक्ती माझी नव्हे. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरला १८२९ साली बंद बाटलीत ठेवलेल्या ओल्या मातीत नेचा उगवलेला दिसला. बाटलीतलाच ओलावा काचेवर जमून परत मातीत उतरत होता. १८३३मध्ये त्याने असल्या काचेच्या पेट्यांत झाडे भरून जहाजाने सिडनीला पाठवली आणि ती जिवंत पोहोचली. पुढे जगभरची झाडे अशा पेट्यांतून इकडची तिकडे झाली. वॉर्डची पेटी काचेची होती, आमची पैठणीची, एवढाच काय तो फरक. एक सावधगिरी मात्र हवी. पिशवीवर ऊन आले तर आतले झाड मोदकासारखे उकडून निघते, आणि पिशवी कायम बंद राहिली तर बुरशी धरते. म्हणून रोज थोडा वेळ उघडायची, मग जास्त वेळ, मग भोके पाडायची आणि शेवटी काढायची. कागदात ह्यातले अवाक्षर नाही.

'हे उष्णकटिबंधीय झाड असल्याने उष्णता प्रिय' असे एक विधान आहे. ह्यात 'उष्ण' शब्दाने लेखकाला चकवले. बोर्निओतल्या किनाबालू डोंगरावर वाढणाऱ्या घटपर्णी उष्णकटिबंधातल्याच, पण त्यांना रात्री महाबळेश्वरचा गारवा लागतो. युरोपातल्या हौशी श्रीमंतांनी डोंगरावरच्या जातीही तापवलेल्या काचघरांत कोंडल्या आणि त्या मारल्या. माझी 'व्हेंट्राटा' ही फिलिपाइन्सच्या दोन जातींची संकरित लेक. ती दोन्ही हवामाने चालवून घेते, म्हणून वाचली. लेखकाच्या ज्ञानामुळे नव्हे.

मागच्या पानावर लेखक कल्पित वाङ्मयाकडे वळतो. चित्रात घटाचे झाकण माशीवर खटकन मिटताना दाखवले आहे. ते झाकण मिटत नाही. घट म्हणजे पानाचाच भाग. पानाची मधली शीर टोकापुढे ताण्यासारखी लांबते आणि तिच्या शेवटी हा तांब्या फुगतो. त्याचा काठ ओला झाला की निसरडा होतो आणि किडा घसरून आत पडतो. चित्राखाली 'घरातील डासांचा नायनाट!' अशी घोषणा आहे. प्रत्यक्षात रानातल्या घटपर्णींच्या घटांत डासांच्या अळ्या खुशाल नांदतात, म्हणजे डासांचे ते सूतिकागृह आहे. झाडाचे मुख्य अन्न मुंग्या. 'घटांत पाणी भरावे' असेही सांगितले आहे. किती ते नाही. प्रवासात घटातला रस सांडतो, त्याच्या जागी थोडेसे पाणी घालायचे असते. मी तो एकटा ताठ उभा असलेला घट गळ्यापर्यंत भरला आणि त्यानेही मान टाकली.

आहाराविषयी लेखक मौन पाळतो आणि ह्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. जोसेफ हूकर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७४ साली बेलफास्टच्या सभेत सांगितले होते, की त्याने घटात अंड्याच्या पांढऱ्याचे आणि मांसाचे तुकडे टाकून पाहिले आणि ते विरघळले. ही माहिती मी जेवताना घरात सांगितली, ही चूक झाली. आईने लगेच कुंडीपासून देवघर किती हात आहे ते मोजायला लावले. खालच्या मजल्यावरचा मुलगा दोन झुरळे घेऊन आला, त्याला परत पाठवले. प्रवासाने दमलेल्या झाडाला जेवण घालायचे नसते. घटात अन्न जास्त झाले तर घटच सडतो.

एका वाक्याशी मात्र थट्टा थांबली. 'घनदाट जंगलातून थेट आपल्या घरी!' भारतात घटपर्णीची एकच जात रानात आढळते, ती मेघालयात. गारो लोक तिला 'मेमांग-कोक्सी' म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. माझ्यासारख्या हौशी लोकांसाठी ती इतकी उपटली गेली, की आता तिची गणना धोक्यात आलेल्या जातींत होते आणि रानातल्या रोपांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. माझे झाड त्या जातीचे नव्हते, तरी ते वाक्य वाचून मी अस्वस्थ झालो. मास्तरांचा एक शेरा पुसायला मी कुणाच्या डोंगरावरून हे उपटून आणवले? पुन्हा फोन लावला. पलीकडचा मुलगा घाईघाईने म्हणाला, "नाही हो काका, सगळी आमच्याकडेच फांद्या लावून केलेली रोपं आहेत. ते जंगलाचं आपलं वाचायला बरं वाटतं म्हणून टाकलंय." मी आयुष्यभर अलंकारांची वाखाणणी करत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटले, की काही अलंकारांना दंड असावा.

तिसऱ्या आठवड्यात पाचही घट करपले. पाने हिरवी होती, पण हालचाल नाही. मी दिवसातून सहा वेळा पिशवीत डोकावत होतो. मूळ धरले का ते पाहायला खोड हळूच ओढूनही पाहिले होते. (हे कुणाला सांगितले नव्हते.) एका रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन खिडकीशी गेलो, तर अंधारात आई खुर्चीत बसलेली.

"झोप नाही का ग?"

"असते थोडी. तू काय शोधतोयस?"

"बघतोय काही फुटतंय का."

"मी आले तेव्हा तुम्ही दोघं असंच करत होतात," ती म्हणाली.

"काय?"

"रोज सकाळी उठून विचारायचात, 'आई, रुळलीस का?' हिनं ते चॉकलेटचं दूध सुरू केलं. तू त्या हसायच्या क्लबात नेऊन सोडलंस. पंधरा बायका काही कारण नसताना हसतायत आणि मला मेलं रडू येतंय."

"मग?"

"मग दिवाळीनंतर तुम्ही आठ दिवस काशीला गेलात. तेव्हा जरा जीव धरला मी."

मी बॅटरी विझवली. थोडा वेळ दोघे तसेच बसलो. बाहेर चौकीदाराची काठी वाजत होती.

सकाळी गुलाबी कागद पुन्हा काढला आणि क्रियापदे मोजली. एकोणतीस भरली. ठेवावे, घालावे, भरावे, फवारावे, निवडावे, वळवावे. 'थांबावे' एकदाही नाही. शेवटच्या घडीत, रोपवाटिकेच्या पत्त्याच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती आणि ती मी तोपर्यंत छपाईचा डाग समजत होतो. 'जुने घट वाळल्यास घाबरू नये. नवे पान येण्यास काही आठवडे लागू शकतात.' सगळ्या मजकुरातले सर्वांत कामाचे वाक्य लेखकाने असे वळचणीला नेऊन ठेवले होते. प्रस्तावनेत त्याऐवजी ग्रीक पुराणकथा होती. लिनियसने १७३७ साली ह्या झाडाला 'नेपेंथिस' नाव दिले, ते होमरच्या महाकाव्यात हेलन मद्यात मिसळते त्या दुःख विसरायला लावणाऱ्या औषधावरून. लांबच्या प्रवासाने शिणलेला वनस्पतिशास्त्रज्ञ हे झाड दिसताच सारे कष्ट विसरेल, अशी त्याची कल्पना. लिनियस स्वतः कधी आशियात आला नाही. शिणलेले झाडच एक दिवस प्रवास करून माणसाच्या दारात येईल, हे त्याला सुचायचे कारण नव्हते.

त्यानंतर मी दोनच गोष्टी केल्या. पाणी घातले आणि पिशवीची भोके वाढवली. मेच्या अखेरीस मधोमध एक पान सुटले. आधीच्या पानांच्या निम्मे, पण चकचकीत. पावसाला सुरुवात झाली तशी पिशवी काढली. त्या पानाचा ताणा लांबला, त्याच्या टोकाला मुगाएवढी गाठ आली, ती रोज कणाकणाने फुगली आणि जुलैच्या मध्यावर अंगठ्याएवढ्या तांब्याचे झाकण आपसूक उघडले. ह्या खेपेस कुणी त्यात काही भरले नाही. त्याने आपला रस आपणच आणला होता.

घरात मुंग्यांची रांग आईच्या साखरेच्या डब्यापासून निघून खिडकीकडे जाते. त्यातली एक वाट सोडून कुंडीवर चढली, काठाभोवती एक फेरी मारली आणि दिसेनाशी झाली. आईने चष्मा लावून आत पाहिले, मग भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिले.

"श्रावण लागायच्या आत काय ते जेवून घे म्हणावं तिला," ती म्हणाली.